भीड आणि बंधुप्रेम

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ६ : १-७, नहेम्या, अध्याय ३ रा.



मोठ्या सभेंत मतभेद झाला, तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ज्या मंडळींत अवघीं बारा-पंधरा घरें आहेत, जेथें प्रत्येकास दुसऱ्याच्या मुलांचीं नांवें ठाऊक आहेत, जेथें एकाच्या घरीं ताप आला तर दुसऱ्याच्या चुलीवर पेज शिजते, त्या मंडळीचें साधें वार्षिक काम कां अडून बसतें? छपराचीं फुटलेलीं कौलें तशींच राहतात. रविवारच्या शाळेस शिक्षक मिळत नाहीं. सात पंच नेमलेले असून सभेस तिघे येतात, आणि त्या तिघांपैकीं एक जण घड्याळाकडे पाहत असतो. हा अनुभव केवळ ख्रिस्ती मंडळ्यांचाच आहे असें नाहीं. भजनी मंडळ, दूध सोसायटी, इमारतीची गृहनिर्माण संस्था, गांवची पाणी समिती, कोठेंही पाहा, हेंच दृष्टीस पडतें.

या प्रश्नास उपदेशपीठावरून एक ठराविक उत्तर मिळतें, तें हें कीं, प्रेम कमी पडलें. मग प्रेमावर उपदेश होतो. लोक तो मनापासून ऐकतात, कित्येकांचे डोळे भरून येतात, आणि महिन्याभरानें गाडें पुन्हां त्याच चिखलांत रुतलेलें असतें. आमचें मत असें आहे कीं, येथें रोगाची परीक्षा नीट झालेली नसते. लहान मंडळींत प्रेम पुष्कळदां पुरेसें असतें. काम बुडविते ती भीड. आपल्याच माणसास, 'हें काम तुमच्याकडे होतें, तें झालें कां?' असें विचारण्याचा जो संकोच, त्यास आम्ही भीड म्हणतों. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वडील म्हणत आले, तें केवळ उसनवारीपुरतें खरें नाहीं. मंडळी जितकी लहान, तितकी भीड अधिक. कारण ज्यास विचारावयाचें तो कोणी परका नसतो. तो मामा असतो, व्याही असतो, नाहीं तर आपल्या लेकीच्या लग्नांत ज्यानें रात्रभर पाणी भरलें तो शेजारी असतो.

यरुशलेमेंतील पहिल्या मंडळीकडे पाहा. ती मंडळी लहान नव्हती, परंतु रोजच्या अन्नाच्या वांटणीचें काम थोड्यांच्या हातीं होतें. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे त्या वांटणींत दुर्लक्ष होऊं लागलें आणि कुरकुर सुरू झाली. थोडेंच आधीं लूकानें याच मंडळीविषयीं सांगितलें आहे कीं, ते लोक एकदिलानें राहत आणि आपली मालमत्ता सामाईक समजत. म्हणजे तेथें प्रेमाची वानवा नव्हती. प्रेषितांनीं काय केलें? त्यांनीं कुरकुर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं. सर्वांस एकत्र बोलाविलें, वांटणीचें काम आपल्या कामापासून वेगळें केलें, त्यासाठीं सात माणसें लोकांकडूनच निवडून घेतलीं, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या सातांचीं नांवें शास्त्रांत नोंदलेलीं आहेत : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. हीं सातही नांवें ग्रीक आहेत. ज्यांचें गाऱ्हाणें होतें, बहुधा त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातीं भाकरीची टोपली सोंपविली गेली. या अध्यायांतील मोठें धैर्य आम्हांस येथें दिसतें, आणि त्यावर उपदेश क्वचितच ऐकूं येतो.

आतां आपल्या वसईकडे वळूं. येथील किल्ल्याचे पडके तट ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस त्या दगडांची ओळख सांगावयास नको. थोड्या माणसांनीं मिळून काम करण्याचें एक उदाहरण, आणि मिळून काम न केल्याचें दुसरें, अशीं दोन्हीं त्या एकाच ठिकाणीं त्रेसष्ट वर्षांच्या अंतरानें घडलीं.

पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम १७३७ सालीं सुरू झाली, आणि १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, समोर तोफांनीं भरलेला तट. शेवटच्या वेढ्यांत मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे दोघेही आपापल्या फौजा घेऊन येऊन मिळाले. त्यांस आपापला मान होता, आपापलें निशाण होतें, तरी तटाखालीं सुरुंग खणण्याचें काम कोणाच्या मानावरून थांबलें नाहीं. मे महिन्यांत किल्ला हातीं आला, आणि शरण आलेल्यांस त्यांच्या चीजवस्तूंसह सन्मानानें जाऊं देण्यांत आलें.

१८०२ सालीं या राज्याचा कारभार पांच घरांत वांटलेला होता : पेशवे दुसरे बाजीराव, दौलतराव शिंदे, यशवंतराव होळकर, नागपूरचे रघूजी भोसले आणि बडोद्याचे गायकवाड. पांचच घरें, आपल्या कित्येक मंडळ्यांच्या पंचांहूनही थोडीं. इंग्रजांचें बळ वाढत आहे हें कोणास दिसत नव्हतें असें नाहीं. परंतु नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजीं वारले, आणि ज्याच्यापुढें सर्वांनीं आपलें गाऱ्हाणें ठेवावें असा कोणी उरला नाहीं. १८०१ सालीं बाजीरावानें विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें. विठोजीचा भाऊ यशवंतराव सैन्य घेऊन चालून आला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरापाशीं पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा मोड झाला. बाजीराव पळाला, तो कोंकणांतून समुद्रमार्गें वसईस येऊन इंग्रजांच्या आश्रयास राहिला. त्या सालच्या शेवटच्या दिवशीं, ३१ डिसेंबरास, त्यानें येथें तह केला. इंग्रजांची फौज आपल्या राज्यांत ठेवावी, तिच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, आणि परराज्यांशीं व्यवहार इंग्रजांस विचारल्यावांचून करूं नये, हें त्यानें मान्य केलें.

पुढील वर्षीं शिंदे व भोसले लढावयास एकत्र आले. होळकर बाजूस राहिला. गायकवाड आधींच इंग्रजांच्या पक्षास गेलेला होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें आणि २९ नोव्हेंबरास अडगांव येथें पराभव झाला. मग भोसल्यांनीं देवगांवास तह केला आणि शिंद्यांनीं सुर्जी-अंजनगांवास. दोन तहांत तेरा दिवसांचें अंतर. १८०४ सालीं होळकर लढावयास उठला तेव्हां तो एकटा होता. त्याच्या शौर्याविषयीं शत्रूंसही शंका नव्हती. परंतु ज्यांच्या आज्यापणज्यांनीं वसईच्या तटाखालीं एकत्र माती उपसली, त्यांच्यांत विठोजीच्या मृत्यूचें गाऱ्हाणें कोणापुढें मांडावें, त्याचा निवाडा कोणी करावा, आणि संकट आल्यास कोणी कोठें उभें राहावें, हें कांहींच ठरलेलें नव्हतें. जो तो दुसऱ्याच्या हालचालीची वाट पाहत राहिला.

कोणी म्हणेल, हा भिडेचा नव्हे, वैराचा प्रकार झाला. शिवाय राजेरजवाड्यांच्या गोष्टी आम्हां गरिबांस कशास? शंका रास्त आहे. परंतु मनांत दाबून ठेविलेलें गाऱ्हाणें आणि न विचारलेला हिशेब यांचें वैर होण्यास गरिबाच्या घरांतही फार वर्षें लागत नाहींत. एका मंडळीची हकीकत नांव न घेतां सांगतों.

ही मंडळी वसई-विरारच्या पूर्वेकडील भागांत भाड्याच्या खोलींत भरते. तिचीं बहुतेक कुटुंबें अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) आणि जालना या जिल्ह्यांतून नोकरीधंद्यासाठीं आलेलीं आहेत. चौदा घरें, सात पंच. खजिनदार हे चिटणिसाचे सख्खे मामा. दोन वर्षें हिशेबाची वही सभेपुढें आली नाहीं. कारण भाच्यानें मामांकडे वही मागावी कशी? बाकीच्यांस वाटे, भाचा घरांत पाहतच असेल. विजेचें बिल भरण्याचें काम कोणा एकाचें नव्हतें. ज्यास आठवेल तो भरीत असे. एके महिन्यांत तिघांनींही दुसऱ्यानें भरलें असेल असें धरलें, आणि नाताळाच्या आठवड्यांत खोलींतील दिवे गेले. त्या अंधारांत एका भगिनीनें मोठ्यानें विचारलें, 'मग आमच्या दानाचें होतें तरी काय?' दोन वर्षें मनांत ठेविलेला प्रश्न असा अवेळीं बाहेर पडला कीं, तो प्रश्न न राहतां आरोप झाला. मामा दुखावले. दोन कुटुंबांनीं येणें सोडलें. पुढें मध्यस्थीसाठीं आम्हांस बोलावणें आलें. वही उघडली, तेव्हां पै न पै जुळली. इतकेंच नव्हे, तर मामांनीं दोनदां आपल्या खिशांतून भाडें भरलें होतें आणि संकोचानें तें कोणास सांगितलें नव्हतें. तीं दोन कुटुंबें मात्र अद्याप परत आलेलीं नाहींत.

या हकीकतींत लबाड माणूस कोणी नाहीं, आळशीही कोणी नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

फ्रान्स देशांत मॅक्स रिंगेलमान नांवाचे शेतकीशास्त्राचे एक पंडित होते. माणसें एकटीं व घोळक्यानें दोर ओढूं लागलीं म्हणजे किती जोर लागतो, हें त्यांनीं मोजलें, आणि १९१३ सालीं तें प्रसिद्ध केलें. आठ माणसें मिळून ओढतात तेव्हां आठपट जोर लागावा, परंतु प्रत्यक्षांत जेमतेम त्याच्या निम्मा लागला. हें ऐकून कोणी लगेच म्हणेल कीं माणूस कामचुकार आहे. रिंगेलमान यांनीं मात्र मुख्य कारण वेगळें दिलें : सर्वांचा हिसका एकाच क्षणीं बसत नाहीं. आपले कोळी बांधव नाव वाळूवर ओढतांना एकानें आवाज द्यावयाचा आणि बाकीच्यांनीं त्यावर जोर लावावयाचा, असें करतात, त्यांतील मर्म हेंच. आवाज देणारा कोण, हें आधीं ठरलेलें असतें, आणि आपणांस हुकूम दिला म्हणून कोणी रुसत नाहीं.

दुसरी साक्ष अमेरिकेंतील एलिनोर ऑस्ट्रॉम या विदुषींची. त्यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. स्वित्झर्लंडमधील डोंगरांवरचीं सामाईक कुरणें, जपानांतील गांवांचीं रानें, स्पेनांतील पाटबंधारे, असे शेंकडों वर्षें टिकलेले सामाईक कारभार त्यांनीं अभ्यासिले. जे टिकले, त्यांच्यांत त्यांस कांहीं गोष्टी पुन्हां पुन्हां आढळल्या. सभासद कोण आणि कोण नाहीं, हें स्पष्ट असतें. नियम लोकांनींच केलेले असतात. देखरेख करणारा त्यांच्यांतलाच असतो. पहिल्या चुकीस शिक्षा अगदीं लहान असते, आणि तंटा उद्भवल्यास तो लवकर व फुकट मिटविण्याची जागा असते. स्पेनांतील वालेन्सिया शहरीं पाण्याचे पंच दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां मोठ्या देवळाच्या प्रेषितांच्या दारापाशीं बसतात. वादी-प्रतिवादी तोंडीं बोलतात आणि निकाल तेथल्या तेथें लागतो. आठवड्याचें गाऱ्हाणें आठवड्यांतच संपतें. त्यास दोन वर्षें मुरावयास सवड मिळत नाहीं. आम्हांस तर असें वाटतें कीं, ते पंच देवळाच्या दाराशीं बसतात हें फार योग्य आहे.

आपल्याकडे वसईच्या पश्चिम पट्ट्यांत बावखलें आहेत. पावसाचें गोडें पाणी त्यांत सांठे, जमिनींत मुरे, आणि विहिरींस समुद्राचा खारटपणा लागूं देत नसे. बावखलावर रहाट असत, आणि जेथें तें अनेक घरांचें सामाईक होतें तेथें पाण्याच्या पाळ्या लागत. कोणाची पाळी आहे आणि गाळ काढावयास कोण आला नाहीं, हें रहाटापाशीं उभें राहिलें म्हणजे दिसे. पुढें रहाट गेले, पंप आले; प्रत्येकाची नळी वेगळी झाली. बावखल सामाईकच राहिलें, परंतु त्यापाशीं एकत्र येण्याचें कारण उरलें नाहीं. कित्येक बावखलें बुजलीं, कित्येकांत कचरा पडला. त्यांत कचरा टाकणारा शेजारी सर्वांस ठाऊक असतो आणि त्यास कोणी बोलत नाहीं. कारण पुढच्या महिन्यांत त्याच्याच घरीं साखरपुड्यास जावयाचें असतें.

याउलट पैशाच्या लहान संस्था कधीं कधीं चांगल्या टिकलेल्या दिसतात, आणि त्याचें कारण शोधण्यासारखें आहे. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हां एका गांवच्या दहा माणसांनीं मिळून पतपेढी काढावी अशी सोय झाली. वसईंत १९१८ सालीं मोन्सिनॉर पी. जे. मोनिस यांनीं जी पतसंस्था स्थापिली, तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली, आणि तिला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. रोमन कॅथॉलिक बंधूंपासून शिकण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. १९९२ सालीं नाबार्डनें पांचशें बचत गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला. आज असे गट गांवोगांव आहेत. त्यांची पंचसूत्री आमच्या पुष्कळ भगिनींस तोंडपाठ आहे : नियमित सभा, नियमित बचत, आपसांत नियमित कर्जवाटप, नियमित परतफेड, आणि नीट लिहिलेला हिशेब. दहावीसच स्त्रिया, त्याही एकमेकींच्या जावा-नणंदा. तरी वही सर्वांसमोर उघडते. 'वहिनी, तुमचा हप्ता राहिला,' हें वाक्य तेथें भांडण मानीत नाहींत, कारण तें वाक्य माणसाचें नसून वहीचें असतें. ज्या भगिनी गुरुवारीं गटांत असें बोलतात, त्याच रविवारीं मंडळीच्या सभेंत मान खालीं घालून बसतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

भीड सोडणें म्हणजे तोंड सोडणें नव्हे. प्रभूनें या बाबतींत पायऱ्या घालून दिल्या आहेत : आधीं एकट्यानें एकट्याकडे जावें, मग एकदोघांस बरोबर घ्यावें, आणि त्यानंतरच मंडळीस सांगावें. आपल्यांत बहुधा याच्या उलट क्रम चालतो. आधीं साऱ्या गांवास कळतें, आणि ज्याच्याविषयीं बोलणें असतें त्यास सर्वांत शेवटीं. पौलाचेंही वर्तन पाहा. फिलिप्पै येथील मंडळींत युवदीया आणि सुंतुखे या दोन भगिनींचें पटत नव्हतें. पौलानें सर्वांपुढें वाचल्या जाणाऱ्या पत्रांत दोघींचीं नांवें घेतलीं. दोष कोणाचा, हें मात्र लिहिलें नाहीं. त्यांनीं सुवार्तेसाठीं आपल्याबरोबर श्रम केले आहेत याची आठवण दिली, आणि एका सोबत्यास त्यांस साहाय्य करण्याची विनंती केली. नांव घेणें आणि अपमान करणें यांत किती अंतर आहे, हें त्या दोन वचनांवरून समजतें.

वार्षिक सभेचे दिवस जवळ येत आहेत, म्हणून आमची सूचना साधी आहे. एक पातळ वही घ्यावी. तींत काम, नांव आणि तारीख लिहावी, आणि तें झालें कीं नाहीं यासाठीं थोडी जागा सोडावी. एका कामास एकच नांव असावें. दोन नांवें असतील तर तें काम कोणाचेंच नसतें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं उपासनेनंतर वही मोठ्यानें वाचावी, आणि वाचणारा दर वेळीं निराळा असावा, म्हणजे विचारण्याचें ओझें एकाच भाच्यावर पडणार नाहीं. खजिनदारांनीं कोणी मागण्याची वाट न पाहतां हिशेब पुढें ठेवावा. त्यांचा मान यानें वाढतो, असें आम्ही वडीलधाऱ्या खजिनदारांस हात जोडून सांगतों. जो सभासद अधिक कुरकुर करतो, त्यास पंचांत घेण्याचा विचार करावा. आणि ज्याचें काम राहिलें असेल त्यास पहिल्या खेपेस एवढेंच विचारावें कीं, कोणाची मदत पाहिजे काय?

नहेम्यानें यरुशलेमेचा तट बांधला तो बावन्न दिवसांत. त्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय उपासनेंत वाचावयास घेतला तर लोक कंटाळतात, कारण त्यांत नांवांवांचून फारसें कांहीं नाहीं. परंतु तीं नांवें म्हणजे ती वहीच आहे. कोणी आपल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनारांनीं व सुगंधी द्रव्यें करणाऱ्यांनीं आपला भाग बांधला. शल्लूम नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनीं काम केलें. तकोवा गांवच्या लोकांनींही आपला भाग बांधला, आणि तेथें नहेम्यानें भीड न धरतां एक ओळ लिहिली आहे कीं, त्यांच्यांतील सरदारांनीं या कामास मान लाविली नाहीं. त्या सरदारांस त्यानें शाप दिला नाहीं, कीं त्यांच्यासाठीं काम थांबविलें नाहीं. लिहून तो पुढच्या नांवाकडे गेला. त्याच अध्यायांत बावीस वचनें पुढें गेलें म्हणजे तकोवाकरांचें नांव पुन्हां येतें. त्या साध्या लोकांनीं आपला वांटा संपवून, बाहेर आलेल्या मोठ्या बुरुजासमोरचा आणखी एक भाग बांधावयास घेतला होता.